वॉल्टरचा भाऊ युद्धात काय करत होता

एडविन ब्रॅम्हॉल आणि त्याचा थोरला भाऊ वॉल्टर लंडनच्या पूर्वेला, गोदीलगतच्या पॉपलरमध्ये एकाच खाटेवर झोपून वाढले. बाप गवंडी होता. वॉल्टर अंगापिंडानं बापावर गेलेला, त्यामुळे शाळा सुटल्या सुटल्या तो गोदीत ओझी उचलायला लागला. एडविन मात्र किडकिडीत. त्याच्या हाती विटा द्यायचा कुणाला धीर होत नसे, पण घरातलं घड्याळ बंद पडलं की ते त्याच्याच पुढ्यात येई. पुढं टपाल खात्यानं त्याला टेलिफोनच्या कामावर उमेदवार म्हणून घेतलं. दिवसा तारा जोडायच्या आणि संध्याकाळी वर्गात बसायचं, असं करत करत तो इंजिनियर झाला.

वॉल्टरला त्याचं कोण कौतुक! पबमध्ये बसला की सांगायचा, "तुम्ही टेलिफोन उचलता ना, त्या तारेच्या पलीकडच्या टोकाला आमचा एडी असतो."

"तरीच आवाज खरखरीत येतो," कुणीतरी म्हणायचं, आणि वॉल्टर सगळ्यांत मोठ्यानं हसायचा.

दुसरं महायुद्ध लागलं तेव्हा दोघांचीही चाळिशी जवळ आलेली. वॉल्टर आग विझवणाऱ्या पथकात गेला. गोदीवर बाँब पडले, साखरेची गोदामं पेटली, वितळलेली साखर रस्त्यावरून वाहिली, त्या सगळ्यात तो होता. भुवया जळाल्या त्या पुन्हा नीट उगवल्याच नाहीत. एडविन शहराच्या उत्तरेला, टेकडीवरच्या टपाल खात्याच्या प्रयोगशाळेत. टेलिफोनवाल्यांना सरकारनं फौजेत घेतलं नाही, त्यांचं काम लागतं म्हणून. वॉल्टर सुरुवातीला एवढंच म्हणायचा, "कुणीतरी घंटी वाजती ठेवायला हवी." त्यात टोमणा होता, पण डंख नव्हता.

मग एका हिवाळ्यात एडविनला गावाकडच्या एका मोठ्या बंगल्यावर बोलावणं आलं. आवारात लाकडी बराकी, दारोदार पहारा. आधी एका कागदावर सही घेतली. इथं पाहिलेलं, ऐकलेलं, केलेलं बायकोला नाही, आईला नाही, मरताना पाद्र्यालाही सांगायचं नाही, असा त्याचा अर्थ. मग त्याला आत नेऊन एक यंत्र दाखवलं.

जर्मन सेनापती एकमेकांना टेलिप्रिंटरवरून जे संदेश पाठवत, ते एक यंत्र वाटेतच कालवून टाकी, आणि पलीकडचं तसलंच यंत्र ते पुन्हा सरळ करी. मधे ऐकणाऱ्याच्या हाती नुसता अक्षरांचा काला लागे. तो काला उलगडायचा तर मोजणी करायला हवी, आणि ती माणसाच्या आवाक्यातली नव्हती. म्हणून बंगल्यातल्या गणितज्ञांनी एक यंत्र उभं केलं होतं. त्यात भोकं पाडलेल्या दोन कागदी फिती बरोबरीनं पळायच्या. पण कागदच तो. एक फीत ताणायची, दुसरी फाटायची, आणि तासभराची मोजणी मातीमोल व्हायची. एडविनला बोलावलं होतं ते त्यातला एक भाग नीट करायला.

त्यानं तो भाग पाहिला, यंत्राभोवती फेरी मारली आणि म्हणाला, "हे दुरुस्त करण्यात अर्थ नाही. दुसरी फीत काढूनच टाकायला हवी. तिच्यावर जे आहे ते आतल्या आत व्हॉल्व्हनं तयार करता येईल."

रेडिओत असतात तसले काचेचे व्हॉल्व्ह. किती लागतील, असं विचारल्यावर तो म्हणाला, "हजाराच्या वर."

खोलीतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. घरच्या रेडिओत चार-पाच व्हॉल्व्ह असत आणि त्यातला एक तरी वर्षाकाठी जाई. डॉक्टर पेनहॅलो नावाचे एक गणितज्ञ होते, उंच, वाकलेले, मुद्दा कळेपर्यंत प्रश्न विचारत राहणारे. ते म्हणाले, "मिस्टर ब्रॅम्हॉल, हजार व्हॉल्व्ह दिवसरात्र चालवायचे म्हणजे दिवसाला दोन-चार तरी जाणार. मग मोजणी कधी करायची?"

"ते जातात ते लावताना आणि विझवताना. लावलेले तसेच राहू दिले तर वर्षानुवर्षं टिकतात. आम्ही टेलिफोनच्या ठाण्यात चालवून पाहिलेत."

"हजार?"

"नाही. एवढे कुणीच चालवलेले नाहीत."

पेनहॅलोंनी वहीत थोडी आकडेमोड केली आणि ती खोडली. "तुमचं म्हणणं मला पटलं असं मी म्हणत नाही," ते शेवटी म्हणाले. "पण ते चूक आहे असंही मला सिद्ध करता येत नाही. आम्हाला थांबता येणार नाही, आम्ही आमच्या फितीच दुरुस्त करत राहू. तुम्हाला करायचं असेल तर करा."

एडविननं ते केलं. त्याच्या वरिष्ठांनी माणसं दिली, सामान दिलं, आणि टेकडीवरच्या प्रयोगशाळेत तारांना डाग देण्याच्या धुरानं डोळे चुरचुरेपर्यंत काम सुरू झालं. जोडणाऱ्यांना आपण काय जोडतोय ते ठाऊक नव्हतं. एकाला हा भाग, दुसऱ्याला तो. सगळं मिळून काय होणार, ते एडविनच्या डोक्यात होतं. तो आठवडे आठवडे घरी जाईना. गेला तरी पानावर बसल्या बसल्या पेंगायचा. त्याची बायको हिल्डा त्याच्या कोटाची बटणं आत सरकवून शिवत होती, एवढा तो वाळला.

अशाच एका रविवारी तो दोन घटका घरी आला असताना वॉल्टरचा डेनिस भेटायला आला. वॉल्टर आणि आयव्हीचा एकुलता एक मुलगा. रणगाड्यांच्या दलात बिनतारी संदेशाचं काम करायचा. गणवेश अंगाला सैल, कान मात्र बापासारखे थेट बाहेर आलेले. हिल्डानं सशाचं मटण कणकेत भरून भाजलं होतं, ते त्यानं संपवलं, ताटली खायची तेवढी बाकी ठेवली.

"काका, बाबा म्हणतात तुम्ही कर्नलच्या टेलिफोनची घंटी दुरुस्त करता."

"कर्नलची? छे!" एडविन म्हणाला. "ब्रिगेडियरच्या खालच्या घंटीला मी हात लावत नाही."

डेनिस खो खो हसला. मग आपल्या यंत्राच्या तक्रारी सांगू लागला. रणगाडा असा उधळतो की व्हॉल्व्ह बैठकीतून सुटतात, आणि नेमकं ऐकायच्या वेळी सगळं गप्प. एडविन एकदम जागा झाला. त्यानं हिल्डाच्या जुन्या हॅटचा जाड लोकरी नमदा कापला आणि दुपारभर त्या पोराला व्हॉल्व्हभोवती तो कसा गुंडाळायचा, किती घट्ट, किती सैल, ते दाखवत बसला. हॅट गेली म्हणून हिल्डा कुरकुरली, पण तिनंही कात्री धरून दिली.

निघताना डेनिस फाटकापाशी घुटमळला.

"बाबा चिडवतात ते मनावर घेऊ नका हं, काका."

"नाही घेत."

"आणि..." तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही काहीतरी मोठं करत असाल ना, तर मला सांगा. एवढे दिवस घरी नसता म्हणे. मी कुठं बोलणार नाही. देवाशप्पथ."

त्या पोराच्या डोळ्यांत आशा होती. आपला काका घंट्या दुरुस्त करणारा नाही, असं त्याला ऐकायचं होतं. एडविनच्या ओठापर्यंत शब्द आले.

"टेलिफोन रे," तो म्हणाला. "नुसते टेलिफोन."

"बरं," डेनिस म्हणाला, आणि हसून निघून गेला. हसला तो काकाला वाईट वाटू नये म्हणून, हे एडविनला कळलं.

यंत्र तयार झालं. सुटं करून लष्करी लॉऱ्यांतून ते बंगल्यावर नेलं, बराकीत पुन्हा जोडलं, आणि एका सकाळी त्याला फीत लावली. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक होतं असा एक संदेश मुद्दाम दिला होता. यंत्रानं उत्तर दिलं. पेनहॅलो म्हणाले, "पुन्हा." पुन्हा तेच उत्तर आलं. दिवसभर ते "पुन्हा" म्हणत राहिले आणि दिवसभर यंत्र तेच सांगत राहिलं. शेवटी त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि एडविनचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. त्यांच्या माणसांनी लगेच आणखी यंत्रं मागितली. फ्रान्सच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरायच्या आत दुसरं, आधीच्याहून वेगवान यंत्र चालू झालं.

त्या यंत्रातून जे बाहेर पडे ते कागद एका मुलीच्या हाती जात, ती ते दुसऱ्या बराकीत नेई. तिथं आणखी कुणी ते उलगडत, आणखी कुणी त्याचं इंग्रजी करत, आणि मग ते कुठं जाई ते एडविनला कधीच कळलं नाही. त्याला जर्मनचा एक शब्द येत नव्हता. यंत्र बरोबर चाललंय की नाही एवढं तो सांगू शकायचा. ते काय म्हणतंय, ते नाही.

फौजा उतरल्यानंतर काही आठवड्यांतच नॉर्मंडीत, उंच कुंपणांच्या एका शेताजवळ, डेनिसचा रणगाडा पेटला. आतलं कुणी बाहेर पडलं नाही. पुरायलाही काही हाती आलं नाही. पॉपलरच्या चर्चमध्ये प्रार्थना झाली आणि मग सगळे वॉल्टरच्या घरी चहाला जमले. खिडक्यांना काचेऐवजी पुठ्ठा लावलेला. आयव्हीनं शेजारणींच्या रेशनातली साखर जमवून केक केला होता, तो कुणी खाल्ला नाही.

वॉल्टर कोपऱ्यात उभा होता. चहा न पिता कप हातात धरून. एडविन जवळ गेला आणि त्यानं भावाच्या दंडाला हात लावला.

"वॉल्ट..."

"हात काढ."

वॉल्टरनं कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"माझा पोरगा लोखंडी डब्यात भाजून मेला," वॉल्टर म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं ते आणखीनच वाईट वाटत होतं. "आणि तू कुठं होतास, एडी? गरम खोलीत. खुर्चीत. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन."

"वॉल्टर, आज नको," आयव्ही म्हणाली.

"आज नको तर कधी? एडी, मला एक गोष्ट सांग. या चार-पाच वर्षांत तू केलेली एक गोष्ट. एकच. मी इथं सगळ्यांसमोर गुडघे टेकून तुझी माफी मागतो."

एडविननं तोंड उघडलं. शेजारीपाजारी कपात पाहत होते. सांगणं किती सोपं होतं! दोन वाक्यांत झालं असतं. पण ती दोन वाक्यं त्या खोलीतून पबमध्ये गेली असती, पबमधून गोदीत, गोदीतून जहाजावर. आणि शत्रूनं आपलं यंत्र बदललं असतं, तर अजून लढणारी दुसऱ्यांची पोरं?

"मला सांगता येत नाही," तो म्हणाला.

"कुठून येणार? काही असेल तर ना!"

हिल्डाला राहवलं नाही. "तो आठवडे आठवडे घरी येत नाही, वॉल्टर. बघ, हाडं उरलीत त्याची. त्याला काय हौस आहे?"

"मग विचार त्याला कुठं असतो. बाई ठेवली असेल कुठं तरी."

हिल्डानं आपली हॅट उचलून डोक्यावर घातली.

परतताना बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. तीन थांबे गेल्यावर म्हणाली, "बाई आहे का?"

"नाही."

"मग काय आहे?"

"मला विचारू नकोस, हिल्डा."

"बरं." तिनं हातमोजे काढले, पुन्हा घातले. त्यानंतर तिनं खरंच कधी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून त्याचा कोट धुवायला घेण्याआधी ती त्याचे खिसे तपासते, हे एडविनला कळत होतं, आणि तिला थांबवण्याचा मार्ग त्याच्याकडे नव्हता.

युद्ध संपलं. लोक रस्त्यांत नाचले. आणि हुकूम आला, की यंत्रं मोडा. मुठीएवढेही तुकडे राहता कामा नयेत. आराखडेही जाळा.

एडविननं ते काम दुसऱ्याला सांगितलं नाही. आपल्या आजारी जनावराला आपल्याच हातानं गोळी घालावी, तसं तो स्वतः गेला. त्यानं वीज तोडली. बराकीतला घोंघाट थांबला तेव्हा बाहेर कावळे ओरडत होते ते पहिल्यांदा ऐकू आलं. मग मांडण्या उघडल्या, तारा कापल्या, व्हॉल्व्ह काढून खोक्यात भरले, ते टपाल खात्याला इतर कामाला चालणार होते. आराखडे त्यानं टेकडीवर नेले आणि प्रयोगशाळेच्या बॉयलरमध्ये एकेक करून टाकले. निळा कागद पटकन पेटत नव्हता. लोखंडी सळईनं ढोसावा लागला.

पेनहॅलो निरोप घ्यायला आले होते. आवारात दोघं थोडा वेळ चालले.

"लोकांना कळणार नाही," पेनहॅलो म्हणाले. "पण आपण काय केलं ते आपल्याला तरी माहीत आहे."

"तुम्हाला माहीत आहे, डॉक्टर. मला अर्धंच." एडविन थांबला. "एक विचारू? फौजा उतरल्यानंतर, नॉर्मंडीत... आमची एक रणगाड्यांची तुकडी होती. माझा पुतण्या होता तिच्यात. त्या भागाबद्दल काही आलं होतं का? म्हणजे आधी? कुणाला काही कळलं होतं का?"

पेनहॅलोंचा चेहरा पडला. त्यांना त्याबद्दल काही ठाऊक होतं की नव्हतं, हेही त्या चेहऱ्यावरून वाचता येईना.

"मला सांगता येत नाही, ब्रॅम्हॉल," ते म्हणाले.

एडविनला राग आला नाही. कोणत्या तोंडानं येणार?

त्यानंतर त्यानं पुन्हा टेलिफोनचं काम धरलं. त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती, की हे व्हॉल्व्हचं तंत्र टेलिफोनच्या ठाण्यांत आणलं तर देशभर खडखड करणारी लोखंडी यंत्रं काढून टाकता येतील, आणि गणित करणारी यंत्रंही बांधता येतील. त्यानं ते वरिष्ठांच्या समितीपुढं मांडलं. समितीवरची माणसं दुष्ट नव्हती. अध्यक्षांनी त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं, आणि मग सौम्यपणे विचारलं, "हजारो व्हॉल्व्ह दिवसरात्र चालतील, हे कशावरून?"

"चालतील, सर. माझी खात्री आहे."

"खात्री आम्हालाही हवी आहे. कुठं चाललेले पाहिलेत?"

एडविन उभा होता. समोर पाण्याचा पेला होता. तो उचलून एडविन पाणी प्यायला.

"मला वाटतं ते चालतील," तो म्हणाला.

"वाटण्यावर जनतेचा पैसा कसा लावणार?" अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांच्या जागी एडविन असता तर त्यानंही तेच म्हटलं असतं. पुढं त्याला देखभालीच्या कारभारात बसवलं. मानाची खुर्ची होती. यंत्र मात्र तिच्यापासून लांब होतं.

एका संध्याकाळी रेडिओवर बातमी लागली, की अमेरिकेतल्या एका विद्यापीठात खोलीभर व्हॉल्व्ह असलेलं गणकयंत्र बांधलंय, जगातलं अशा प्रकारचं पहिलं.

"ऐकलंस?" हिल्डानं स्वयंपाकघरातून हाक मारली. "तुझ्यासारख्याच कुणीतरी वेड्यानं केलं बघ. हजारो व्हॉल्व्ह म्हणे. तुला कधी असलं सुचलं नाही ते!"

"मला कुठून सुचणार," एडविन म्हणाला आणि वर्तमानपत्र जरा उंच धरून बसला.

वर्षं अशी गेली. दोघे भाऊ नाताळात भेटत, कुणी गेलं की भेटत. वॉल्टर बोलायचा, पण हवापाण्याचं. चारचौघांत कुणी युद्धाचा विषय काढला, की एडविनकडे न पाहता म्हणायचा, "आमच्या घरातलं काय ते एकानंच केलं." मग आयव्ही उठून किटली चढवायची. एडविननं उलट एक शब्द कधी काढला नाही. हळूहळू त्याची सवय होते असं लोक म्हणतात. त्याला ती झाली नाही.

एडविन निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती तेव्हा, एकोणीसशे सत्तरच्या दशकात, एका दुपारी पेनहॅलोंचा फोन आला. आवाज थकलेला होता.

"ब्रॅम्हॉल, आता बोलायला मुभा आहे. सगळं नाही. पण यंत्र होतं, एवढं सांगता येईल. उद्याच्या पेपरात येतंय."

दुसऱ्या दिवशी आलं. बंगल्याचा फोटो, यंत्राचा एक धूसर फोटो, चार प्राध्यापकांची नावं. खालच्या परिच्छेदात 'टपाल खात्याच्या तंत्रज्ञांच्या मदतीनं' एवढे शब्द होते.

हिल्डा बटाटे सोलत होती. एडविन तिच्यासमोर बसला आणि त्यानं सांगितलं. सगळं नाही, सांगता येण्यासारखं. ती सोलणं न थांबवता ऐकत राहिली.

"म्हणजे बाई नव्हती," ती शेवटी म्हणाली.

"नव्हती."

ती हसली. हसता हसता तिनं सुरी खाली ठेवली आणि एप्रन तोंडावर घेतला.

"एवढं तरी सांगायचंस, एडविन. काय ते नको. काहीतरी आहे, एवढंच."

"सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस."

"मी?" ती म्हणाली. "मी विचारलं का कधी?"

 त्यानं तिच्यापुढचा एक बटाटा उचलला आणि सोलायला घेतला.

शनिवारी तो पेपर घेऊन पॉपलरला गेला. गोदी बंद पडली होती, पाण्यावर एकही जहाज नव्हतं. वॉल्टर नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहायचा. छाती कामातून गेलेली. खिडकीपाशी खुर्चीत बसून तो श्वास मोजून घेत होता. आयव्हीनं चहा केला आणि ती आत गेली.

एडविननं पेपर त्याच्या मांडीवर ठेवला. "वॉल्ट, हे वाच. मी इथं होतो. हे यंत्र मी बांधलं."

वॉल्टरनं चष्मा लावला. ओठ हलवत हलवत, सावकाश, सगळं वाचलं. मग पान उलटून मागंही पाहिलं.

"तुझं नाव कुठंय?"

"नाही छापलेलं."

"का?"

"त्यांना माहीत नसेल."

"यंत्र तू बांधलंस, आणि त्यांना माहीत नाही." वॉल्टरनं चष्मा काढला. "काही आहे तुझ्याजवळ? फोटो, चिठ्ठी, बिल्ला, काही?"

"सगळं जाळायला लावलं. मीच जाळलं."

"सोयीचं आहे." त्याला खोकला आला. खोकला थांबेपर्यंत एडविन पाण्याचा पेला धरून उभा राहिला. "आता बघ, पबमधला प्रत्येक म्हातारा सांगेल, मीही त्या बंगल्यात होतो."

"मी खोटं बोलत नाही, वॉल्ट. तुला ठाऊक आहे, मला खोटं बोलता येत नाही."

वॉल्टरनं त्याच्याकडे पाहिलं. कित्येक वर्षांत त्यानं भावाकडे असं सरळ पाहिलं नव्हतं.

"मग हे त्याहून वाईट आहे," तो म्हणाला. "खरं असेल तर त्या दिवशी, माझ्या घरात, मी तुला नको ते बोललो, आणि तू ऐकून घेतलंस. त्यानंतर दर नाताळात ऐकून घेतलंस. केक खात बसलास. आयुष्यभर मी माझ्या भावाला भित्रा म्हणत आलो, एडी. मग मी कोण झालो?"

"तुला माहीत नव्हतं."

"तुला होतं ना!" त्याचा श्वास पुन्हा वर लागला. "आणि डेनिस? त्याला सांगितलंस?"

"नाही. त्यानं विचारलं होतं. फाटकापाशी."

वॉल्टरनं डोळे मिटले.  आत आयव्हीनं रेडिओ लावला होता, त्यावर घोड्यांच्या शर्यतीचं वर्णन चाललं होतं.

"एवढं सांग," वॉल्टर डोळे न उघडता म्हणाला. "तुझ्या त्या यंत्रानं, तो होता तिथं, त्याच्या कामाचं काही केलं का? की त्याच्यावर येणार ते कळलं होतं आणि कुणी काही केलं नाही?"

"मला माहीत नाही."

"तूच बांधलंस म्हणतोस."

"काय लिहिलंय ते मला वाचता येत नव्हतं, वॉल्ट. मी विचारलं होतं एकाला. त्यानं सांगितलं नाही."

"विचारलं होतंस?"

"हो."

वॉल्टरनं पेपरची घडी घातली, नीट, गोदीतले लोक ताडपत्रीची घालतात तशी, आणि ती भावाच्या हाती परत दिली. "जाताना आयव्हीला सांग, दार ओढून घे म्हणावं. वारा येतो." दार उघडं नव्हतंच. एडविन उठला.

नंतरचे आठवडे पॉपलरकडून काही आलं नाही. एडविननं फोन उचलून दोनदा-तीनदा परत ठेवला. टेलिफोनमध्ये जन्म घालवलेल्या माणसाला एक नंबर फिरवता येईना.

मग एका सकाळी, तो बूट पुसत असताना, फोन वाजला. पलीकडून आधी नुसता श्वास ऐकू आला.

"एडी?"

"बोल, वॉल्ट."

"त्या खोलीत... खूप गरम व्हायचं का रे?"

एडविनला क्षणभर कळलं नाही. मग तो म्हणाला, "व्हायचं. फार. काम करणाऱ्या मुली दारं उघडी टाकायच्या, भर थंडीत. बाहेर पहाऱ्यावरचा शिपाई ओला कोट आत आणून वाळवायचा."

"आवाज?"

"फितीचा. सतत फडफड. तेलाचा वास, आणि तापलेल्या धुळीचा. बोलायचं तर ओरडून बोलावं लागायचं."

"आणि तू तिथं होतास."

"होतो."

 एडविननं रिसीव्हर कानाशी इतका दाबला होता की कान दुखायला लागला.

"बरं," वॉल्टर म्हणाला. "चहा आलाय माझा. ठेवतो."

त्यानं विश्वास ठेवला की नाही, एडविनला कळलं नाही. पुन्हा फोन आला नाही, आणि थंडी पडल्यावर वॉल्टर हॉस्पिटलात गेला तो परत आला नाही. एडविन भेटायला गेला तेव्हा वॉल्टरच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्यानं भावाचा हात हातात घेतला. तो गरम होता, पण त्यानं एडविनचा हात पकडला नाही, आणि झटकलाही नाही.

दफन झाल्यावर, दफनभूमीच्या फाटकाकडे चालताना, एडविननं आयव्हीला धरलं होतं. वाट निसरडी होती. त्याला विचारायचं नव्हतं, तरी विचारलंच.

"आयव्ही, शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाला का तो?"

आयव्ही थांबली. आठवायचा तिनं खरोखरच प्रयत्न केला, हे त्याला दिसत होतं.

"त्याला श्वासच पुरत नव्हता रे," ती म्हणाली. "पाणी मागायचा, बस. दुसरं काही नाही."